बर्फगाडीची खालची प्लेट

६ ऑक्टोबर, रविवार

पायलने आज फोनवर एक वस्तू मागितली. तिने तीनदा समजावून सांगितली, तरी माझ्या डोक्यात शिरेना. पोरीला प्लेट हवी आहे. जेवायची नव्हे, बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या पोटाखाली लावायची.

गाडीचं नाव स्नोमोबाईल. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आणि इंजिनाचा जोर मागे पोचवणारा एक बेल्ट, आपल्या स्कुटीत असतो तसा. तो बेल्ट गाडीच्या पोटात, अगदी खाली असतो. बर्फात दडलेला दगड लागला की पोट फुटतं, बेल्ट तुटतो, आणि गाडी जागच्या जागी बसते. पायल गुलमर्गला ज्या कंपनीच्या ऑफिसात आहे, त्यांच्या गाड्या टुरिस्टांना फिरवतात आणि पाय मोडून घेतलेल्यांना डोंगरावरून खाली आणतात. मागच्या हिवाळ्यात त्यांचा एक ड्रायव्हर असाच जखमी माणूस मागे बसवून अडकला होता.

"बाबा, हातमोज्यात बोटं जानवून नाई राहत," पायल सांगत होती. "वारा असा येते का कानात कोनी शिट्ट्या मारते. आन मागचा मानूस सारखा इचारते, आपन मरनार का. त्याले काय सांगाव?"

ऑफिसात बसून पोरगी किती काय काय शिकली! मी बायकोला, पौर्णिमाला म्हणालो, बुकिंगचं काम असलं तरी पायल मन लावून करते. ती कणीक मळत राहिली.

बाहेरून येणारी प्लेट वेळेवर मिळत नाही, म्हणून पायलने मॅनेजरला सांगून टाकलं की माझे बाबा अकोल्याला हेच काम करतात. हेच काम! मी एमआयडीसीत दालमिलच्या घसरगुंड्यांना आतून पांढरी प्लास्टिक शीट लावतो, डाळ चिकटू नये म्हणून. बर्फ मी फक्त रसवंतीत पाहिला आहे.

पण हो म्हणालो.


८ ऑक्टोबर, मंगळवार

डोकं पिकलं. लोखंड घ्यावं तर गाडी जड होऊन बर्फात रुतणार. ॲल्युमिनियम हलकं, पण दगड लागला की आत दबेल, आणि दबलेला पत्रा बेल्टलाच घासला तर रक्षणाला ठेवलेल्यानेच गळा धरावा तसं होईल. राहिली आपली पांढरी शीट. ती घसरते छान, दबली तर परत वर येते. पण प्लास्टिक थंडीत काचेसारखं फुटतं असंही ऐकलं आहे. खरं काय ते कोणाला विचारावं? अकोल्यात थंडीबद्दल विचारायचं म्हणजे मासोळीला झाडाचा पत्ता विचारायचा.

संध्याकाळी पायलला फोन केला.

"ड्रायव्हरचं वजन किती?"

"बावन्न किलो."

"एवढाच? काडीपयलवान हाय का?"

"ताकद हाय त्याच्यात, बाबा."

"दारू गिरू पेते का?"

"नाई हो! काईतरीच काय?"

स्वयंपाकघरातून पौर्णिमाला जोराचा ठसका लागला. पाणी दिलं तर म्हणाली, मिरची गेली घशात. आज घरात दोडक्याची भाजी होती.


१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज धम्म मेळावा. पांढऱ्या कपड्यांची एवढी गर्दी की चपला शोधायलाच वेळ लागला. मामेभाऊ किसनराव भेटला आणि जयभीम घातल्या घातल्या म्हणाला, "पायलचं काय? सव्वीसची झाली न?" हा माणूस माझ्या पोरीचं वय माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतो.

घरी येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी कंपनीची, दगड डोंगराचा, अडकला तो ड्रायव्हर. मग पायलला एवढी कळकळ का? त्याचं वजन तिला पाठ कसं? त्याला ताकद आहे हे तिने कुठे पाहिलं?

पौर्णिमाला विचारलं, "तुले काई बोलली का ते?"

"कायचं?"

"त्या ड्रायव्हरचं. पोरगा कोन हाय, कुठचा हाय, आडनाव काय."

"आडनाव काहून पायजे तुमाले?" ती म्हणाली. "जयंतीच्या स्टेजवर तं मोठं भाषन देल्लं होतं."

खरंच दिलं होतं, जात विचारू नका म्हणून, टाळ्याही पडल्या होत्या. आणि आज घरात पहिला प्रश्न आडनावाचा निघाला. स्वतःचाच राग आला. तरीही आडनाव काय असेल हा विचार काही जाईना. मुसलमान असेल? काश्मिरी पंडित असेल? काश्मिरी माणसाला आपलं तिखट चालेल का?

पौर्णिमा हसत होती. या बाईला कशाचंच टेन्शन नाही.


१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज मोर्णा नदीच्या काठावरून एक चांगला धोंडा आणला आणि शिडीवरून तिन्ही तुकड्यांवर टाकला. लोखंड जसंच्या तसं राहिलं. ॲल्युमिनियमला वाटीएवढा खड्डा पडला. पांढऱ्या शीटवर नुसता ओरखडा. पण ही परीक्षा अकोल्याच्या उन्हात झाली, तिला काय अर्थ?

म्हणून शीटचा वितभर तुकडा घेऊन अमरावती गाठली. गोपाल माझा जुना मित्र, आयटीआयचा. त्याचं आइसक्रीमचं गोदाम आहे, आत बारा महिने उणे अठरा. तुकडा तिथल्या फ्रीजरमध्ये ठेवला.

"जावयासाठी हाय का बे?" गोपालने विचारलं. मी त्याला सगळं सांगून बसलो होतो.

"अजून काई ठरलं नाई."

"ठरलं नाई तं आतापासूनच त्याचं पोट झाकून राहिला!"

सकाळी बघायचं म्हणून आज त्याच्याकडेच मुक्काम.


१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही फुटला! बाहेर काढल्याबरोबर घणाने हाणला, गोपालनेही हाणला, मग त्याच्या वॉचमनलाही हुरूप आला. तुकडा उडून गोदामाच्या शटरवर आपटला पण तडा नाही.

ठरलं, पांढरी शीट. बडनेऱ्याहून गाडीत बसलो तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. आपण फक्त डाळीपुरते नाही.


२२ ऑक्टोबर, मंगळवार

पायलने पुठ्ठ्यावर गाडीच्या पोटाचा आकार कापून पाठवला, बोल्टांच्या जागी पेनाने खुणा केल्या आहेत. माझ्या कमरेएवढा लांब पुठ्ठा. दुपारी शेडमध्ये बसून भोकं पाडली. ऑक्टोबरचं ऊन आणि वर टिनाचं छत, शीटला हात लावला तर चटका बसत होता. कडेने थोडी फट सोडली, उन्हाने शीट फुगते ना! हे मला कोणी शिकवायला नको. अर्ध्या अकोल्याच्या मिलमध्ये माझ्या शीटा आहेत, एकही फुगून वर आलेली नाही.

भोकं मात्र पुठ्ठ्याबरहुकूम आणि घट्ट. बोल्ट असा बसतो की हलायचं नाव नाही. त्या पोराच्या गाडीत माझं काम खडखडायला नको. दोन प्लेटा केल्या, एक पाठवली, एक ठेवून घेतली.


२१ डिसेंबर, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. तुरीचा सीझन येतोय, मिलवाले अंगावर येतात.

पायलचा फोन आला, प्लेट लावली म्हणे. "थोडी ओढून बसवा लागली बाबा, भोकं जरा जुळून नव्हते राहिले." मी म्हणालो, नवी वस्तू घट्टच असते, नव्या चपलेसारखी, वापरली की बसेल. ती हो म्हणाली.


९ जानेवारी, गुरुवार

आज फोटो आला. सगळं पांढरं, मध्ये काळी गाडी, आणि तिच्याशेजारी तो. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा, तोंडावर कापड. नाकाचा शेंडासुद्धा दिसत नाही, आडनाव कुठून दिसणार! उंची बेताची. एक पाय पुढे टाकून, कमरेवर हात ठेवून उभा आहे. उभं राहणं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण आजकालची पोरं सगळी सारखीच उभी राहतात.

पौर्णिमाने फोन हातात घेतला तो सोडेचना. फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, मग पदराने काच पुसली.

"चांगला दिसते पोट्टा," म्हणाली.

"दिसते कुठी? सगळा झाकला हाय."

"मले दिसते."

सासू आतापासूनच जावयाच्या बाजूची. मी एकटा पडलो.


१७ जानेवारी, शुक्रवार

प्लेट निघाली. खाली येताना मधल्या एका चढावर बोल्ट तुटले, प्लेट खाली लोंबली आणि पुढच्याच दगडाने गाडीचं पोट फोडलं. बेल्टच्या चिंध्या. मागे गुडघा मोडलेला माणूस बसलेला. वारा सुटल्यामुळे दुसरी गाडी वर जाईपर्यंत अंधार पडला. माणूस वाचला, ड्रायव्हरही ठीक आहे.

पायलचा आवाज बसला होता. सर्दी झाली म्हणे. "तुमची चूक नाई बाबा. ड्रायव्हरनं बोल्ट बरोबर कसले नोते."

ऐकून आधी हायसं वाटलं, माझं काम पक्कं होतं. मग संताप आला. ज्याला चार बोल्ट कसता येत नाहीत त्याच्या मागे लोकांनी कोणत्या भरवशावर बसायचं? नाचता येईना अंगण वाकडं. आणि असल्याला मी माझी पोरगी देणार?

पौर्णिमा जेवली नाही. तीनदा पायलला फोन लावून "शेकलं का? काढा घेतला का?" विचारत राहिली. एवढ्याशा सर्दीसाठी!


१९ जानेवारी, रविवार

काय लिहू, कुठून लिहू.

सकाळी मी कोणाला न सांगता तिथल्या मॅनेजरला फोन लावला. माझ्या हिंदीत सांगितलं की पायलचा बाप बोलतो, प्लेट माझी होती, तुमचा तो ड्रायव्हर बेजबाबदार आहे, त्याला गाडीवरून काढा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी अदबीने म्हणाला, साहेब, त्या गाडीची ड्रायव्हर तुमची पायलच आहे. गेल्या वर्षापासून. आमच्या चांगल्या ड्रायव्हरांपैकी एक. पण बोल्ट मीच ढिले ठेवले असं तिने स्वतः कबूल केलं, म्हणून तिला गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवलं आहे.

मी फोन ठेवला. पौर्णिमा दारात उभी होती.

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं जाऊ देल्लं असतं तुमी? पावसात मोपेड चालवू देत नोते तिले! अमरावतीले खेळाची डिग्री घेतली पोरीनं, आन तुमी म्हनत होते बँकेची परीक्षा दे."

मी काय काय बोललो ते आठवत नाही. शेजारची माणिकबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, एवढा आवाज झाला असेल. बावन्न किलो. ताकद हाय त्याच्यात. मी माझ्याच पोरीला 'तो दारू पितो का' असं विचारत होतो, आणि या दोघी हसत होत्या.

सगळा आरडाओरडा संपल्यावर एकटा बसलो आणि मनात आलं, आता ती ऑफिसात आहे. खुर्चीवर. हीटर असेल. बरं वाटलं. कोणाला सांगता येणार नाही असं बरं वाटलं.


२१ जानेवारी, मंगळवार

एक गोष्ट टोचते आहे. पायल बोल्ट ढिला ठेवणार नाही. शाळेतून आली की शेडमध्ये बसायची, पान्हा हातात घेऊन. मी कसलेला बोल्ट पुन्हा कसून बघायची आणि माझ्याकडे हसायची. दोघी खोटं बोलल्या हे मान्य, पण हे खोटं मला पटत नाही.

तिला मेसेज केला की तुटलेल्या बोल्टांचा फोटो पाठव. तिने आढेवेढे घेतले, शेवटी पाठवला. त्यांचे तुकडे प्लेटमध्ये जसे होते तसेच अडकून आहेत. ढिला बोल्ट गळून पडतो, हे वाकून तुटले आहेत. आणि सगळे आतल्या बाजूला वाकले आहेत, जणू प्लेटने दोन्हीकडून त्यांना मध्ये ओढलं.

उद्या दुसरी प्लेट घेऊन गोपालकडे जातो.


२२ जानेवारी, बुधवार

अख्खी प्लेट आणि पायलचा पुठ्ठा गोपालच्या थंड खोलीत ठेवला. आम्ही बाहेर गिलावडा खाल्ला, चहा घेतला, गोपालने जावयावरून चेष्टा सुरू केली तेव्हा त्याला गप्प बस म्हणालो. दुपारी त्याची जाड जाकिटं घालून आत गेलो आणि प्लेटवर पुठ्ठा ठेवला.

एका टोकाचं भोक जुळवलं तर दुसऱ्या टोकाचं जुळत नव्हतं. जवळजवळ करंगळीच्या जाडीएवढी प्लेट आखडली होती. वितभर तुकड्यात हे दिसलंच नव्हतं, आम्ही त्याला घण मारण्यात दंग होतो.

"अबे, पन तू तं फट ठेवते न?" गोपालने विचारलं.

"फुगाले ठेवतो."

"आन आखडाले?"

आमच्याकडे शीट फक्त फुगते. मे महिन्यात फुगते, ऑक्टोबरात फुगते, मिलवाले ओरडतात ते फुगल्यावर. आखडते हे मी कधी पाहिलंच नाही, म्हणून ते मोजलंही नाही. तापलेल्या शेडमध्ये घट्ट भोकं पाडली आणि ती बर्फात पाठवली. थंडी वाढत गेली तशी प्लेट बोल्ट ओढत गेली. पोरीने बोल्ट कसले होते. घट्ट कसले होते, म्हणूनच तुटले.

थंड खोलीतून गोपालनेच मला हात धरून बाहेर आणलं.


२३ जानेवारी, गुरुवार

पायलशी बोललो. ओरडलो नाही.

"तुले मालूम होतं न भोकं कमी पडले ते?"

तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"गॅरेजमध्येच समजलं होतं, बाबा. वर थंडी वाढली तवा अजूनच समजलं."

"मंग आपल्या अंगावर काहून घेतलं?"

"सगळ्या ड्रायव्हरले सांगतलं होतं न मी, माह्या बापानं बनवली म्हनून. एकेकाले हात लावून दाखवली होती प्लेट." मग म्हणाली, "जाऊ द्या. ऑफिसबी बरं हाय. चाय भेटते."

तिला ऑफिस बरं वाटत नाही. तिचं चहावर कधीच प्रेम नव्हतं.

आता माझी पंचाईत. मॅनेजरला खरं सांगितलं तर पोरगी उद्या परत त्या डोंगरावर. नाही सांगितलं तर सीझन संपेपर्यंत खुर्चीत, सुरक्षित, आणि तिच्या नावावर माझी चूक. बाप म्हणून पहिलं बरोबर की दुसरं? देवाधर्माला विचारायची आमच्यात सोय नाही, स्वतःचा दिवा स्वतः व्हायचं असतं. माझ्या दिव्यात आज तेल नाही. पौर्णिमाला विचारलं.

"मी नाई सांगनार," ती म्हणाली. "सालभर मी एकटीनं भेवून काढलं. आता तुमी भ्या थोडं."


२७ जानेवारी, सोमवार

दोन दिवस शेडमध्ये होतो. नव्या प्लेटा केल्या. मधलं एक भोक गोल, बाकीची लांबट, म्हणजे प्लेट आखडली तरी बोल्टाला ओढणार नाही, वर रुंद वायसर. पहाटे गोपालच्या खोलीत ठेवल्या, आत जाऊन बोल्ट घालून पाहिले. थंडीत बसले, बाहेर आणून उन्हात ठेवल्या तर तिथेही बसले.

आता या पोचेपर्यंत पायल वर जाणार नाही. कुरिअरवाला आला नाही असं सांगता येतं. शीट संपली असं सांगता येतं. तुरीचा सीझन आहे, कोणीही विश्वास ठेवेल. मी प्लेटा बांधून ठेवल्या, सोडल्या, परत एकदा मोजल्या. मोजायचं काही उरलं नव्हतं.

मग मॅनेजरला फोन लावला. म्हणालो, साहेब, चूक माझी होती. आमच्या गावात कोणतीच वस्तू आखडत नाही, म्हणून मला समजलं नाही. माझ्या पोरीने बोल्ट बरोबर कसले होते. तो म्हणाला, प्लेटा आल्या की ती गाडीवर. आणि तुमची पोरगी फार शूर आहे, साहेब. मी थँक्यू म्हणालो. अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत नाही.

पार्सल मीच जाऊन देऊन आलो. चुकलं की बरोबर केलं, अजून कळत नाही.


४ फेब्रुवारी, मंगळवार

पायल आज वर गेली. सकाळी आईला मेसेज करून गेली, मला नाही. मी तिला रागवीन असं तिला वाटलं असेल.

दुपारी एका मिलवर शीट लावत होतो, दोनदा फोन खिशातून काढला. लावला नाही. गाडी चालवणाऱ्याला फोन करत नाहीत. बर्फात खाली दगड आहेत, ते आहेतच. मी किती प्लेटा करणार? खूप भीती वाटली आज. उंचावरून खाली पाहिल्यावर वाटते तशी नाही, सारखी, दिवसभर.

दिवेलागणीला मेसेज आला. या वेळी मला. "उतरली बाबा. प्लेट जागच्या जागी हाय."

पौर्णिमाला मोठ्याने वाचून दाखवला. तिने डोळे मिटले, मग उघडले आणि कुकर लावला.

"उद्याबी जाईन ते," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "परवाबी."